खारूचं कॉलेज बघायला

आमच्या मुलीला घरात सगळे खारू म्हणतात. लहानपणी ती प्रत्येक घास गालात साठवून घरभर हिंडायची, अगदी खारीसारखी, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. शाळेत तिचं चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते हजेरीपुरतं.

खारू शाळेच्या शेवटच्या वर्षाला आली तेव्हा पुढे काय करायचं हा प्रश्न आमच्याकडे नव्हताच. गणितात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं, म्हणजे इंजिनिअरिंग. हे नक्की कोणी आणि कधी ठरवलं ते मला आजही सांगता येणार नाही. इतर घरांत काय गोंधळ चालले होते! माझ्या बहिणीच्या मुलाला टोपी आवडली म्हणून वैमानिक व्हायचं होतं, आणि त्याला झोपाळ्यावरसुद्धा चक्कर येते. समोरच्या घरातली मुलगी, तिची मैत्रीण जाईल त्या कॉलेजात जाणार होती, आणि ती मैत्रीण हिच्याकडे बघून ठरवणार होती. त्यामानाने आपलं बरं, असं मी मनाशी म्हणायची.

सगळ्यात जास्त खूश होता माझा नवरा. तो लिफ्टचा मेकॅनिक आहे. शहरातल्या उंच इमारतींमध्ये कुठे लिफ्ट अडकली की आमच्याकडे फोन येतो आणि तो जेवणावरून उठून जातो. आधी आत अडकलेल्या माणसाशी दाराबाहेरून गप्पा मारतो, त्याला शांत करतो, मग हत्यारांची पेटी उघडतो. त्या गप्पांत त्याचा आवडता विषय एकच, आमची मुलगी इंजिनिअर होणार आहे. लिफ्टमध्ये अडकलेलं माणूस पळून जाऊ शकत नाही, त्यामुळे त्याला ऐकणारे भरपूर मिळायचे.

शाळेने पालकांना बोलावलं तेव्हा आम्ही दोघं खारूबरोबर गेलो. तिच्या वर्गशिक्षिका समोर बसल्या होत्या. त्यांनी खारूला विचारलं, "तुला काय करायला आवडेल?"

खारूने तोंड उघडलं, तेवढ्यात नवरा म्हणाला, "इंजिनिअरिंग, मॅडम."

"मी हिला विचारलं," बाई हसून म्हणाल्या.

"तिचं-माझं एकच आहे हो."

बाईंनी परत खारूकडे पाहिलं. ती मान खाली घालून बुटांकडे बघत होती. "हो," एवढंच म्हणाली. मी आई, माझ्या नजरेतून काही सुटत नाही असा माझा समज. मला वाटलं, बूट लहान झालेत. दुसऱ्या दिवशी मी तिला नवे बूट आणले.

आता आजोबांबद्दल सांगायला हवं. आजोबा म्हणजे माझे सासरे, आमच्याजवळच राहतात. आयुष्यभर त्यांनी ट्रक चालवला आणि आयुष्यभर बोलले. गाडीत शेजारी कोणी नसलं तर गाडीशी बोलायचे. खारू आठवीत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, चालायला लागले, पण शब्द गेले. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. समोरच्याचं कळायचं, विनोदावर हसू यायचं, क्रिकेटचा स्कोअर कळायचा, पण तोंडातून हवा तो शब्द निघायचा नाही. सुरुवातीचे कितीतरी महिने प्रत्येक गोष्टीला ते चमचाच म्हणायचे. पाणी हवं तरी चमचा, पंखा लावा तरी चमचा. एकदा शेजारचे काका भेटायला आले तर त्यांना खुर्ची दाखवून अगदी अगत्याने म्हणाले, "चमचा, चमचा." काका बसायचं सोडून स्वयंपाकघरात चमचा शोधायला गेले. आम्ही सगळे हसलो, आजोबा सगळ्यात जास्त हसले, आणि मग एकदम रडायला लागले.

हॉस्पिटलमध्ये त्यांना बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे न्यायला आमच्यापैकी कोणाला वेळ नसायचा. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते, नवरा कुठल्या तरी इमारतीच्या छपरावर. खारूची शाळा दुपारीच सुटायची, म्हणून ते काम तिच्याकडे आलं. शाळा सुटली की ती घरी येऊन आजोबांना घेऊन जायची, तिथे बसायची आणि परत आणायची. घरी आल्यावर त्यांचा सरावही तीच घ्यायची. चित्रं समोर ठेवायची आणि गप्प बसून राहायची. मी जाता-येता बघायची. आजोबा घाम फुटेपर्यंत शब्द शोधायचे. मला राहवायचं नाही, मी स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "छत्री! छत्री म्हणायचंय त्यांना!"

"आई, तुला कोणी विचारलंय?" खारू म्हणायची. पण चिडून नाही.

नवरा मात्र त्या वेळी खोलीत थांबायचाच नाही. वडील शब्दासाठी धडपडत असले की त्याला काहीतरी काम आठवायचं. कधी नळ गळायचा, कधी खिडकी नीट लागत नसायची.

तर, त्या वर्षी एका मोठ्या विद्यापीठाने मुलांना आणि पालकांना कॉलेज बघायला बोलावलं होतं. शहर लांबचं, बसने अर्ध्या दिवसाचा रस्ता. नवऱ्याने महिनाभर आधी रजा टाकली. जायच्या दिवशी त्याने आमच्या लग्नातला कोट काढला. कोट तोच होता, माणूस तो राहिला नव्हता. बटण काही केल्या लागेना. "उघडाच छान दिसतो," मी म्हटलं. आजोबांना शेजारच्या काकांच्या हवाली करून आम्ही तिघं निघालो. बसमध्ये नवरा खिडकीशी बसून लहान मुलासारखा पूल मोजत होता आणि खारू डोळे मिटून बसली होती. झोपलेली नव्हती, पापण्या हलत होत्या.

कॉलेज बघून माझे तर डोळेच विस्फारले. एवढाल्या इमारती, मधे हिरवळ, त्यावर मुलं-मुली आरामात पसरलेली. इंजिनिअरिंगच्या इमारतीत एकेका खोलीत काय काय मांडून ठेवलं होतं. एका खोलीत पुलाच्या लहान प्रतिकृतीवर वजनं टाकून दाखवत होते, दुसरीकडे एक यंत्र आपोआप चित्र काढत होतं. खारू प्रत्येक ठिकाणी शहाण्यासारखी थांबली, माहितीपत्रक घेतलं, थँक्यू म्हणाली. नवरा मात्र प्रत्येक टेबलावर वाकून बघत होता. त्याच्यामागे रांग लागत होती.

आणि मग आम्ही लिफ्टपाशी आलो. कॉलेजचीच नेहमीची लिफ्ट, पण त्या दिवशी तिच्यात एक वजनकाटा ठेवलेला, आपण बाथरूममध्ये ठेवतो तसा. शेजारी चष्मा कपाळावर चढवलेले एक उंच प्राध्यापक उभे होते. मुलांना विचारत होते, "लिफ्ट वर जात असताना काट्यावर उभे राहिलात तर तुमचं वजन किती भरेल?"

नवऱ्याने बाह्या सावरल्या. हा तर त्याच्या घरचाच पेपर. "जास्त भरणार," तो मुलांच्या आधी म्हणाला. "वर जाताना जास्त, खाली येताना कमी. मी रोज अनुभवतो. लिफ्टचंच काम करतो मी."

"पूर्ण वेळ जास्त?" प्राध्यापकांनी विचारलं.

"पूर्ण वेळ. तळमजल्यापासून वरपर्यंत."

"या मग, बघू."

आम्ही सगळे आत कोंबलो. नवरा काट्यावर चढला. लिफ्ट निघाली तसा काट्याचा आकडा वर गेला. "बघा!" तो म्हणाला. पण लिफ्टने वेग घेतला आणि आकडा परत पहिल्या जागी आला. लिफ्ट वर वर जात होती आणि आकडा ढिम्म हलत नव्हता. शेवटच्या मजल्यावर लिफ्ट थांबायला लागली तेव्हा तर तो चक्क खाली गेला.

"काटा बिघडलाय," नवरा म्हणाला.

"परत बघू," प्राध्यापक म्हणाले. त्यांना अजिबात राग आला नव्हता, उलट मजा वाटत होती.

खाली आलो. खाली निघताना आकडा घसरला, मधे स्थिर राहिला, थांबताना वाढला. परत वर. परत खाली. मुलं कंटाळून जिन्याने निघून गेली. नवऱ्याने दुसरा काटा मागवला. एका शिपायाने कुठून तरी तो आणून दिला, त्यावरही तेच. मग नवरा काट्यावर उभा राहूनच गप्प झाला. मला वाटलं, चारचौघांत चूक ठरला, आता तोंड पाडून बसेल. मी त्याचा कोट ओढायला हात पुढे केला. तर त्याचा चेहरा असा उजळलेला, की खारू जन्मली तेव्हा नर्सने तिला त्याच्या हातात दिलं तेव्हाच काय तो तसा मी पाहिला होता.

"म्हणजे लिफ्टचं वर-खाली जाणं महत्त्वाचं नाहीच," तो हळूच म्हणाला. "निघणं आणि थांबणं महत्त्वाचं. वेग बदलतो तेव्हाच."

"बरोबर," प्राध्यापक म्हणाले.

"आणि मी इतकी वर्षं चुकीचं सांगत आलो लोकांना!" आणि तो खो खो हसायला लागला. "सर, असं का होतं? नीट समजावून सांगा मला."

प्राध्यापकांनी खिशातून खडू काढला आणि लिफ्टच्या भिंतीवरच बाण काढायला सुरुवात केली. लिफ्टचं दार बंद झालं. दोघं वर गेले ते गेलेच.

खारूने माझा हात धरला. "आई, चल. तुला एक दाखवायचंय."

तिने मला हिरवळीच्या पलीकडे, दोन इमारती सोडून एका बैठ्या इमारतीत नेलं. एकदाही कोणाला रस्ता विचारला नाही. नंतर कळलं, तिने घरीच कॉम्प्युटरवर तिथला नकाशा इतक्यांदा बघितला होता की तिला कॅन्टीनचं मागचं दारसुद्धा माहीत होतं. पाटीवर लिहिलं होतं, वाचा आणि भाषा उपचार विभाग.

मी पाटी वाचली. मग खारूकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

आत एका खोलीत गोल टेबलाभोवती काही मुलं बसली होती. केस आखूड कापलेल्या, पन्नाशीच्या एक बाई शिकवत होत्या. त्यांच्या शेजारी एक गृहस्थ होते. ते पूर्वी पोस्टमन होते, आजोबांसारखाच झटका येऊन त्यांची वाचा गेली होती. नव्या मुलांना बघायला मिळावं म्हणून ते आपणहून आले होते. बाईंनी सांगितलं, "हे तुम्हाला त्यांच्या नातीबद्दल सांगणार आहेत. ऐका."

पोस्टमनकाकांनी सुरुवात केली. "नात... माझी... ती... ती..." आणि घोडं अडलं. ते हाताने काहीतरी दाखवत होते, बोटं पाण्यात चालवल्यासारखी. टेबलाभोवती चुळबुळ सुरू झाली. एक मुलगा म्हणाला, "मासे? मासे पाळते?" काकांनी नाही म्हणून मान हलवली. दुसरी म्हणाली, "रडते?" माझ्या तर जिभेवर शब्द नाचत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात टेबलाखाली खारूने माझा हात घट्ट दाबला. ती पोस्टमनकाकांकडे बघत होती. मदत करायला पुढे झुकली नव्हती की दया आल्यासारखा चेहरा केला नव्हता. बसस्टॉपवर एखादा ओळखीचा माणूस बुटाची नाडी बांधत असला की आपण सहज थांबतो ना, तशी थांबली होती.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "पोहते."

"कुठे पोहते?" खारूने लगेच विचारलं, जणू मधे काही झालंच नव्हतं.

काका खुलले. मग त्यांनी अडखळत, थांबत, तिलाच सगळं सांगितलं. तलाव, शर्यत, नातीचा दुसरा नंबर.

कार्यक्रम संपल्यावर बाई आमच्यापाशी आल्या. "घरी कोणी आहे का असं?" त्यांनी खारूला विचारलं.

"आजोबा."

"म्हणून यायचंय का इथे?"

खारूने थोडा विचार केला. "आजोबांमुळे कळलं. पण त्यांच्यासाठी नाही."

"हे बघ, मी खरं ते सांगते," बाई म्हणाल्या. "हे काम फार सावकाश चालतं. कित्येकदा वर्षभर शिकवूनही माणसाला बायकोचं नाव घेता येत नाही. आणि पहिल्या वर्षी नुसतं शरीरशास्त्र, मेंदू, नसा. रडकुंडीला येतात मुलं."

"माझं पाठांतर वाईट आहे," खारू म्हणाली.

"मग रडशील," बाई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवर थाप मारून दुसऱ्या मुलांकडे गेल्या.

बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो. मी म्हटलं, "अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"मलाच नक्की माहीत नव्हतं. अजूनही नाही." ती नव्या बुटाच्या टोकाने खडा ढकलत होती. "आई, गणित मला येतं. येतं म्हणून मी ते करते, संपलं की विसरते. हे मला येत नाही. तरी तिथून उठावंसं वाटत नाही."

"आणि बाबा?"

"तेच तर," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पुन्हा गालात घास साठवणाऱ्या पोरीसारखा झाला.

नवऱ्याला आम्ही शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एका वर्गात शोधून काढलं. प्राध्यापक फळ्यावर लिहीत होते आणि हा पहिल्या बाकावर, कोट काढून मांडीवर घेतलेला. आमच्याकडे बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

परतीच्या बसमध्ये त्याच्या तोंडाला खळ नव्हता. "खारू, तुला ते सर शिकवतील. काय माणूस आहे! मी सांगून ठेवलंय त्यांना, माझी मुलगी येणार आहे म्हणून. तू रोज फोनवर मला सांगायचं, आज काय शिकवलं. रोज. विसरायचं नाही."

खारूने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मदत करायची नाही, हे मी त्याच दिवशी तर शिकले होते.

"बाबा," ती म्हणाली, "मला इंजिनिअरिंग नाही करायचं."

मग तिने सांगितलं सगळं. नीट सांगितलं, न रडता. नवऱ्याने मधे एकदाही तोडलं नाही. ती थांबल्यावर तो म्हणाला, "मग आपण एवढ्या लांब कशाला आलो?"

"तिथेच तो विभागही आहे."

"मला आधी सांगायचंस ना गं." आणि थोड्या वेळाने, अगदी बारीक आवाजात, "मी सगळ्या इमारतींमध्ये सांगून बसलोय."

पुढचे कितीतरी दिवस घरात सगळे जपून वागत होते. नवरा रागावला नव्हता. रागावला असता तर सोपं गेलं असतं. त्याचा राग चहा थंड व्हायच्या आत उतरतो. तो दुखावला होता, आणि तसं दाखवायचंही नव्हतं. त्यामुळे तो दुरुस्त्या करत सुटला. घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. चांगलं चालणारं घड्याळ उघडलं, ते बंद पडलं. खारूशी तो अगदी आदराने बोलायला लागला, "मीठ देतेस का?" वगैरे. पोरीला ते जास्त लागायचं. एकदा ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आई, मी करते इंजिनिअरिंग. चार वर्षांचा तर प्रश्न आहे."

"आणि नंतरची चाळीस?" मी विचारलं.

अर्ज पाठवायची मुदत जवळ आली तेव्हा एका रविवारी दुपारी जेवताना तो विषय निघालाच. नवरा ताटात बघत म्हणाला, "तू तुला हवं ते कर. मी अडवणार नाही. मला फक्त एवढंच कळत नाही, की जे इतकं सहज मिळतंय ते कोणी सोडतं कसं. मला कोणी..." आणि तो थांबला.

समोर आजोबा बसले होते. त्यांनी घास खाली ठेवला. "च..." ते म्हणाले. "चम..." मग जोरात मान हलवली, नाही, नाही. हा शब्द नाही.

"पाणी हवंय का, बाबा?" नवरा उठायलाच लागला.

"बाबा, तू बस," खारू म्हणाली.

"अगं, त्यांना..."

"बस ना. प्लीज."

तो बसला. पळून जायला नळही गळत नव्हता, सगळे त्यानेच दुरुस्त करून ठेवले होते. आजोबांच्या कपाळावरची शीर फुगली. त्यांनी एक हात टेबलावर आपटला. आम्ही तिघं थांबलो. माझा नवरा पहिल्यांदाच आपल्या वडिलांच्या तोंडाकडे बघत थांबला होता, आणि त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं.

"तू," आजोबा म्हणाले. "तू... शीक."

"ती शिकणारच आहे, बाबा," नवरा म्हणाला. "तेच तर चाललंय."

"ना!" आजोबांनी खारूकडे पाहिलंही नाही. त्यांचं बोट मुलाकडे होतं. "तू. शाळा... मी..." आणि मग दोन्ही हातांनी काहीतरी ओढून काढल्याची खूण केली. "मी... काढलं."

ही गोष्ट मला माहीत होती, पण घरात कोणी बोलायचं नाही. नवरा पंधरा वर्षांचा असताना आजोबांच्या ट्रकला अपघात झाला होता. ते बरेच महिने अंथरुणाला खिळले. मुलगा शाळेत हुशार होता, पण घर चालायला हवं होतं. त्यांनी त्याला शाळेतून काढून लिफ्ट बसवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे कामाला लावलं. पुढे सगळं सुरळीत झालं, पण शाळा राहिली ती राहिलीच. बोलता येत होतं तेव्हा आजोबा जगातल्या सगळ्या विषयांवर बोलले, तेवढं सोडून.

"बाबा, त्याचं काय आता," नवरा म्हणाला. "मी कधी काही म्हटलं का?"

आजोबांनी मान हलवली. नाही म्हटलंस, म्हणूनच, असं काहीतरी त्या मान हलवण्यात होतं. "तू शीक," ते परत म्हणाले, या वेळी सहज, एका दमात.

नवरा उठला आणि हात न धुता बाल्कनीत जाऊन उभा राहिला. खारू त्याच्यामागे गेली. मी ताटं उचलत होते, पण माझे कान तिकडेच होते.

"ह्या वयात?" तो म्हणत होता. "बाकावर मावणार तरी आहे का मी?"

"त्या दिवशी मावला होतास की. कोट काढून."

तो नाक ओढत हसला. मग म्हणाला, "खारू, तुझं ते... बोलणं शिकवायचं. आज तू मला बसवलंस ना, ते तिथे शिकवतात?"

"हो."

"अवघड आहे," तो म्हणाला. "इंजिनिअरिंगपेक्षा अवघड आहे."

अर्ज त्याच आठवड्यात गेला. खारूला प्रवेश मिळाला. ती गेली त्या दिवशी नवऱ्याने तिच्या हॉस्टेलची लिफ्ट तपासली, दार जरा उशिरा लागतं असं तिथल्या रखवालदाराला बजावलं, आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं की माझी मुलगी लोकांना बोलायला शिकवणार आहे.

त्याचं स्वतःचं गाडं इतकं सरळ चाललं नाही. इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला आधी शाळेची शेवटची परीक्षा पास व्हावी लागते, म्हणून त्याने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. खारूची जुनी पुस्तकं त्याने कपाटातून काढली. समासात तिने मैत्रिणींची चित्रं काढून ठेवली होती, ती बघून तो अभ्यास सोडून हसत बसायचा. पहिल्या वेळी भाषेच्या पेपरात आपटला. त्याला वाटलं होतं, भाषा काय, आपण बोलतोच की. त्याच महिन्यात खारू शरीरशास्त्रात नापास झाली आणि त्या विभागातल्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे रडली. फोनवर दोघांनी एकमेकांना धीर दिला. मी मधे काहीतरी समजुतीचं बोलायला गेले तर दोघंही म्हणाले, तुला नाही कळायचं. मी कधी कुठल्याच परीक्षेत नापास झाले नव्हते, पण ते जाऊ दे.

दुसऱ्या खेपेला दोघंही सुटले. ती काठावर, तो बऱ्यापैकी. गणितात तर त्याला चांगले मार्क पडले. आता त्याचं डिप्लोमाचं पहिलं वर्ष चालू आहे. वर्गातली मुलं त्याला काका म्हणतात आणि प्रॅक्टिकलला सगळी त्याच्याच गटात यायला बघतात. थिअरीला मात्र कोणी येत नाही.

खारू गेल्या सुट्टीत आली तेव्हा तिला पहिल्यांदाच एका पेशंटबरोबर एकटीने बसू दिलं होतं. एक शिंपीणकाकू होत्या, त्यांना फक्त मोजता यायचं, बाकी काही बोलता यायचं नाही. खारू ते सांगत होती, नवरा पुस्तक मिटून ऐकत होता, आणि आजोबा, ज्यांना अजूनही अर्धेच शब्द सापडतात, मधे मधे "हं, मग?" म्हणत होते. मी चहा ठेवायला उठले. दवाखान्यात दिवसभर तोंड उघडून बसलेली, न बोलणारी माणसं बघून घरी आल्यावर हा गलका मला फार बरा वाटतो.